आमची सहल : दाजीपूर ते कोल्हापूर

दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या शाळेची सहल गेली. दिवाळीची सुट्टी संपली आणि कार्तिक महिन्यात एका शनिवारी आम्ही निघालो. तिसरी व चौथीची मिळून आमची एकवीस मुले-मुली आणि शेजारच्या वाडीच्या शाळेची अठरा. सहल दाजीपूरचे जंगल, राधानगरीचे धरण आणि कोल्हापूर शहर अशी ठरली होती. एकाच दिवसात जंगल पण आणि शहर पण. शाळेच्या सहलीला एसटी अर्धे भाडे घेते, म्हणून हे जमले असे गुरुजी म्हणाले.

ह्या लेखात माझ्या बाकावरच्या सोबत्याचे नाव मी लिहिलेले नाही. तो म्हणाला, “लिवायचं ते लिव, पर माझं नाव भिंतीवर लावू नगंस.” म्हणून मी त्याला नुसते सोबती म्हणतो. वर्गातल्या सगळ्यांना तो कोण ते माहीत आहे. पालकांनी विचारू नये.

सोबती आधी सहलीला येणारच नव्हता. वर्गणी चारशे रुपये होती. दसऱ्याच्या आधी त्यांच्या पंधरा गुंठ्यांतल्या भातात गवे शिरले. खाल्ले कमी आणि तुडवले जास्त. मी डेअरीला दूध घालायला त्याच वाटेने जातो, म्हणून मी सकाळी ते बघितले आहे. लोंब्या भरलेले भात चिखलात आडवे झाले होते. मध्ये मध्ये शेणाचे मोठे पो पडले होते. खूर इतके मोठे उमटले होते की माझा हात आत मावला. सोबत्याची आई बांधावर बसली होती. ती रडत नव्हती. काही बोलत पण नव्हती. सोबत्याचे अण्णा पडलेले भात उचलून बघत होते आणि परत खाली ठेवत होते.

मग वर्गणीचे नाव कोण काढणार? पण शेवटच्या दिवशी सोबती चारशे रुपये घेऊन आला. सगळ्या दहा-दहाच्या आणि वीसच्या नोटा होत्या. त्याच्या आईने अंडी विकून साठवलेले पैसे होते. गुरुजींनी ते दोनदा मोजले नाहीत. आमचे दोनदा मोजतात.

पहाटे साडेचार वाजता गाडी शाळेसमोर आली. थंडी होती. गवतावर दहिवर पडले होते आणि चपला भिजून पाय गार झाले. बाईंनी हजेरी घेतली. ड्रायव्हरकाकांनी नारळ फोडला आणि आम्ही ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणालो. गारगोटी येईपर्यंत सगळी गात होती. मुदाळ तिट्ट्याला आलो तेव्हा निम्मी झोपली होती.

मी खिडकीपाशी होतो म्हणून मला सगळे दिसले. ऊसतोड सुरू झालेली आहे. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याकडे चालला होता. एका रानात तोडणीवाल्यांची खोपटी होती. ते लोक बीडकडून येतात. चूल पेटली होती आणि चुलीपाशी आमच्याएवढी दोन मुले उभी होती. त्यांनी आमच्या गाडीला हात केला. आमच्या मॉनिटरने पण हात केला आणि मग ती म्हणाली, “ह्यांची शाळा कुठं असती?” कुणाला सांगता आले नाही, कारण बाई पण झोपल्या होत्या.

राधानगरीच्या पुढे रस्ता वळणावळणाचा आहे. तिघांना उलटी झाली. त्यांची पण नावे लिहीत नाही. एका बाजूला धरणाचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला झाडी. झाडी इतकी दाट की उजाडले तरी खाली अंधारच होता. वर झाडांचे शेंडे तेवढे पिवळे दिसत होते.

दाजीपूरला पोहोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. जंगलात एसटी जात नाही. तिथे चार जीपगाड्या ठरवल्या होत्या. आधी वनखात्याचे एक काका आले आणि त्यांनी आम्हाला रांगेत बसवून माहिती दिली. गुरुजी म्हणाले, “वहीत लिहून घ्या.” मी लिहून घेतले ते असे. हे जंगल आधी कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे जंगल होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली ते वाढवले आणि आता ते ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात हे जंगल आहे. लोक गव्याला बायसन म्हणतात पण ते चूक आहे. बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतो. आपला तो गवा, म्हणजे गौर. मोठा नर नऊशे ते हजार किलोपर्यंत भरतो. म्हणजे आमच्या दोन-तीन बैलांएवढा एक.

काकांनी हे पण सांगितले की गवा दिसला तर ओरडायचे नाही, शिट्टी मारायची नाही, दगड मारायचा नाही आणि जवळ जायचे नाही. कळपापेक्षा एकटा फिरणारा नर जास्त धोक्याचा. ह्या सूचना पालकांनी पण वाचाव्यात, कारण गवे आपल्याकडे पण येतात आणि मोठी माणसे मोबाईल घेऊन मागे पळतात.

जीपमध्ये बसताना सोबती म्हणाला, “मी न्हाई येत. मला गवा बघायचा न्हाई. तुम्ही जावा, मी हितंच बसतो.” बाई म्हणाल्या, “बाळा, एकट्याला कसं ठेवायचं?” मग तो आला, पण मागच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसला.

जंगलात शिरल्यावर आम्ही गप्प झालो. कुणी सांगितले नव्हते तरी. लाल मातीची वाट होती. पावसाळ्यातले गवत आता वाळून तांबूस झाले होते. कुठे कुठे झाडाची पाने गळत होती, पण बरीच झाडे हिरवीगारच होती. एका झाडावर शेकरू दिसले. ती आपल्या राज्याची खार आहे. शेपटी केवढी लांब! पक्ष्यांचे आवाज खूप येत होते, पण पक्षी दिसत नव्हते. एक तास फिरलो तरी गवा काही दिसला नाही. पुढच्या जीपमधली मुले कंटाळून आवळे खायला लागली.

मग सोबतीच एकदम म्हणाला, “गाडी थांबवा.” तो हळू बोलला पण ड्रायव्हरने ऐकले. सोबत्याने बोट केले. आम्हाला काहीच दिसेना. नुसती झाडे आणि सावली. मग एक सावली हलली.

सात गवे होते. आमच्यापासून लांब, पलीकडच्या गवतात. मोठा होता तो काळाकुट्ट आणि अंग असे चकाकत होते की तेल लावले आहे. पाठीवर मोठा उंचवटा. गुडघ्यापासून खाली पाय पांढरे, जसे पांढरे मोजे घातलेत. शिंगे वळलेली. तो आमच्याकडे बघत उभा राहिला, आणि नाकातून फुस्स करून हवा सोडली. ते आम्हाला ऐकू आले. मला भीती वाटली आणि आनंद पण झाला. एका गवीच्या पोटाखाली पिल्लू होते. पिल्लू काळे नव्हते, तांबूस होते. ते ढुशा मारून मारून दूध पीत होते.

मी सोबत्याकडे बघितले. तो उभा राहून बघत होता. मग तो माझ्या कानात म्हणाला, “मी दिवसा कधी बघितला नव्हता. रातच्याला बॅटरी मारली की नुसतं डोळं चमकत्यात.” आणि थोड्या वेळाने म्हणाला, “पिल्लू आमच्या रेडकागत हाय.”

परत फाटकापाशी आल्यावर काकांनी विचारले, “कुणाला काही विचारायचंय का?” मॉनिटरने विचारले, गवा किती वर्षे जगतो. काका म्हणाले, वीस वर्षे किंवा जास्त पण. दुसऱ्या एकाने विचारले, वाघ आहे का. मग सोबती उठला. तो वर्गात कधी प्रश्न विचारत नाही.

तो म्हणाला, “हितं एवढं जंगल हाय, तर गवं आमच्या भातात कशाला येत्यात?”

सगळी गप्प बसली. काका रागावतील असे मला वाटले. पण ते खाली त्याच्यासमोर बसले. ते म्हणाले, “बरोबर विचारलंस. दूध भरलेली लोंबी गवतापेक्षा गोड लागते. ऊस तर त्याहून गोड. आता इथून पुढं जंगलातलं गवत वाळणार, लहान ओढे आटणार. खाली मात्र सगळं हिरवंगार. हे शेत आणि हे कुरण, हे त्याला कोण सांगणार? तुमचा पंचनामा झाला का?”

सोबती म्हणाला, “व्हय, झालाय.”

“मग भरपाई मिळेल.”

सोबती म्हणाला, “पैसं मिळतील. पर आज्जी म्हणती, घरचं तांदूळ न्हाई मिळणार.”

काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते आणखी काहीतरी बोलणार होते पण बोलले नाहीत. मग आम्ही गाडीत बसलो.

राधानगरी धरणावर जेवलो. चपाती, शेंगदाण्याची चटणी, दही आणि बाईंनी सगळ्यांसाठी केलेल्या कापण्या. हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. धरणाला सात दरवाजे असे आहेत की पाणी ठरलेल्या उंचीवर आले की ते आपोआप उघडतात. त्यांना वीज लागत नाही. पावसाळ्यात टीव्हीवर ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ असे सांगतात ते हेच. आता पाऊस नाही म्हणून ते बंद होते. राधानगरी हे नाव महाराजांच्या मुलीच्या, राधाबाईंच्या नावावरून पडले आहे. गुरुजींनी अजून सांगितले की १९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. जो मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला दंड. तेव्हा मॉनिटर लगेच म्हणाली, “मग सकाळच्या त्या खोपटीतल्या पोरांचं काय गुरुजी?” गुरुजी थोडे थांबले. म्हणाले, “त्यांना जवळच्या शाळेत बसवता येतं. आपल्याकडं मागल्या साली दोघं आली होती, आठवतंय का?” आठवत होते. त्यातला एक गोट्यांत कुणाला हरत नव्हता. पट्टा पडला आणि ती दोघे गेली.

कोल्हापूरला जाताना गाडीत कुणीतरी विचारले की गवा कोल्हापुरात आला तर काय होईल. गुरुजींनी पुण्याची खरी गोष्ट सांगितली. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये एक गवा शिरला. बंगल्यांच्या मध्ये. लोक बघायला जमले, मागे पळाले, आरडाओरडा केला. गवा भिऊन इकडून तिकडे धावला, फाटकाला धडकला. शेवटी त्याला पकडले पण तो मेला. त्याच महिन्यात पुण्याच्या कडेला दुसरा गवा आला. ह्या वेळी लोकांना लांब ठेवले, आणि तो आपला आपण जंगलाकडे निघून गेला.

सोबती म्हणाला, “पहिल्याला वाट घावली न्हाई.” एवढेच.

अडीच वाजता कोल्हापूर आले. आमच्यातल्या काहींनी कोल्हापूर आधी बघितले होते, मी पण दवाखान्याला आलो होतो. पण असे फिरलो नव्हतो. गाडी लांब उभी केली आणि आम्ही चालत निघालो. एके ठिकाणी रस्ता ओलांडायचा होता. आम्ही एकमेकांचे हात धरून रस्त्याच्या कडेला उभे. इकडून रिक्षा, तिकडून मोटरसायकल, मध्येच बस. हॉर्न तर असे की कानात बोटे घालावीत. गुरुजी पुढे दोन पावले जायचे आणि मागे यायचे. सोबती रात्री एकटा शिवारात जातो, त्याला साप दिसला तरी काही वाटत नाही, पण त्याने माझा हात इतका घट्ट धरला की बोटे पांढरी झाली. शेवटी एका माणसाने आपली स्कूटर रस्त्यात आडवी लावली आणि म्हणाला, “जावा रं पोरानू, जावा.” आम्ही सगळे एकदम पळत सुटलो. पलीकडे गेल्यावर मॉनिटर म्हणाली, “गव्याचा कळप!” सगळे हसलो. सोबती पण हसला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला.

नवा राजवाडा बघितला. तो १८८४ साली बांधून झाला. काळ्या दगडाचा आहे आणि वर मनोऱ्यावर मोठे घड्याळ आहे. खाली शाहू महाराजांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. तलवारी, बंदुका, हत्तीवरची अंबारी, जुने फोटो. एका दालनात शिकार केलेले प्राणी पेंढा भरून ठेवले आहेत. वाघ तर असा उभा आहे की आता उडी मारील. डोळे मात्र काचेचे. तिसरीतली एक मुलगी रडायला लागली, तिला बाहेर नेले. सोबती वाघासमोर बराच वेळ उभा होता. मग त्याने गुरुजींना विचारले, “ह्यानं कुणाचं काय खाल्लं हुतं?” गुरुजी म्हणाले, “त्या काळी राजेलोक हौसेने शिकार करायचे. आता तसं नाही. १९७२ चा कायदा आहे. वाघ, गवा कुणालाच मारता येत नाही.” सोबत्याने मान हलवली. त्याला ते पटले की नाही ते मला कळले नाही.

अंबाबाईचे दर्शन झाले. गर्दी फार होती, देवी एक क्षणभर दिसली. खासबागेतले कुस्तीचे मैदान वरून बघितले. ते १९१२ साली सुरू झाले आणि मधला आखाडा कुठूनही बसून दिसतो. तिथे कुस्ती नव्हती. ह्याचे मला वाईट वाटले, पण वेळ पण नव्हता.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. सूर्य पाण्यात बुडत होता आणि पाणी सगळे तांबडे झाले होते. आम्हाला प्रत्येकी शंभर रुपयेच खर्चायला परवानगी होती. भेळ सगळ्यांनी खाल्ली. मग कुणी फुगे घेतले, कुणी भिंगरी, मॉनिटरने आईसाठी बांगड्या घेतल्या. मी पेन घेतले आणि आज्जीसाठी लाटकर पेढे म्हणून काहीतरी मिळते ते शोधले पण मिळाले नाही, साधे पेढे घेतले. सोबती एका पिपाणीवाल्यापाशी थांबला. त्याने एक वाजवून बघितली, ठेवली. दुसरी वाजवली, ठेवली. असे करत सहा-सात पिपाण्या वाजवल्या. पिपाणीवाला वैतागला. म्हणाला, “घेणार हायस का वरात काढणार हायस?” शेवटी जिचा आवाज सगळ्यात मोठा आणि कर्कश होता ती त्याने घेतली. तीस रुपये. मुले हसायला लागली. मॉनिटर म्हणाली, “आता काय बाळ हायस व्हय, पिपाणी वाजवायला?” तो काही बोलला नाही. पिपाणी त्याने दप्तरात तळाला ठेवली आणि गाडीत एकदा पण वाजवली नाही. आमच्यातल्या दुसऱ्या कुणी घेतली असती तर गावापर्यंत कुणाला झोपू दिले नसते.

येताना बिद्रीच्या कारखान्यापाशी उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मळीचा वास गाडीत आला. बाकी सगळी झोपली होती. सोबती जागा होता. मी विचारले, “पिपाणी कशाला घेतलीस?” तो म्हणाला, “माळ्यावर. डबा वाजवून वाजवून अण्णांचा हात दुखतोय. आणि गव्यांस्नी डब्याची सवय झालीया.” त्यांची अजून नाचणी उभी आहे आणि वीस गुंठे ऊस. रोज रात्री त्याचे अण्णा शिवारात माळ्यावर झोपतात. झोपतात म्हणजे बसतात.

मी म्हणालो, “त्यात ते पिल्लू असलं तर?”

तो जरा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिला. म्हणाला, “वाजवली की पळंल की आईसंगं. दगूड थोडंच मारायचाय.”

साडेदहा वाजता गावाजवळ आलो. शाळेच्या आधी त्यांचे शिवार लागते. रस्त्याकडेला बॅटरी हलत होती. त्याचे अण्णा कांबळे पांघरून उभे होते. ड्रायव्हरकाकांनी गाडी थांबवली. गुरुजी खाली उतरून अण्णांशी काहीतरी बोलले. सोबत्याने दप्तरातून उरलेल्या दोन कापण्या आणि भेळीचा पुडा काढून अण्णांना दिला. त्याने भेळ खाल्लीच नव्हती, बांधून घेतली होती. मग तो घरी न जाता त्यांच्याबरोबर बांधावरून माळ्याकडे गेला. बॅटरीचा उजेड लहान लहान होत गेला.

घरी आल्यावर आईने गरम पाणी दिले, मी पाय धुतले आणि अंथरुणावर पडलो. आज्जी पेढा खात विचारत होती, गवा बघितलास का, केवढा होता. मी सांगत होतो. तेवढ्यात शिवाराकडून पिपाणी वाजली. एकदा लांब, मग दोनदा तोकडी. आमचा कुत्रा भुंकायला लागला.

आज्जी म्हणाली, “ह्या वक्ताला कुणाची वरात ही?”